कानातली कणभर वीज

वायरलेस इअरबडमध्ये एक लिथियम सेल असतो. आकाराने शर्टाच्या बटणाएवढा, वजनाने एक-दोन ग्रॅम. त्याची क्षमता साधारण ५० मिलिअँपिअर-तास, म्हणजे बोलण्यातले ५० एमएएच, आणि सरासरी व्होल्टेज ३.७. गुणाकार केला की हाती ०.१८५ वॅट-तास एवढी ऊर्जा येते. एवढ्यावर बड सलग सहा तास गाणी ऐकवतो, म्हणजे दर क्षणी त्याच्या वाट्याला जेमतेम ३० मिलिवॅट येतात. कारखान्यातल्या मशीनच्या पॅनलवर ‘चालू आहे’ एवढंच सांगणारा लाल एलईडी साधारण तेवढीच वीज खातो.

आता त्या ३० मिलिवॅटमध्ये बड काय काय करतो ते पाहा. हवेतून येणारे रेडिओ संदेश पकडतो, त्यांतल्या चुका दुरुस्त करतो, दाबून लहान केलेलं गाणं पुन्हा उलगडतो, बाहेरचा गोंगाट मायक्रोफोनने टिपून त्याच्या विरुद्ध लाट तयार करतो, दुसऱ्या कानातल्या जोडीदाराशी ताल जुळवतो आणि स्वतःच्या सेलमध्ये किती शिल्लक आहे याचा हिशेबही ठेवतो. हे सगळं एका दिव्याच्या खर्चात कसं बसतं? बड आपला बहुतेक वेळ झोपेत घालवतो, आणि जागा होतो तो नेमका हवा त्याच क्षणी. बॅटरी किती टिकणार हे सेलच्या आकारापेक्षा या झोपेच्या शिस्तीवर जास्त ठरतं.

ही शिस्त समजून घ्यायला पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यासारखी जागा नाही. पहाटे निगडी, आकुर्डी, भोसरीहून निघालेल्या कंपन्यांच्या बस मोशी, कुरुळी मागे टाकून चाकणला पोचतात, तेव्हा आतल्या कितीतरी कानांत असे बड असतात. त्याच बसमधून उतरलेले हात दिवसभर फार मोठ्या बॅटऱ्यांच्या गाड्या जोडतात. आकुर्डीत बजाजची विजेवरची चेतक बनते. चाकणच्या महिंद्रा कारखान्यात नोव्हेंबर २०२४ मध्ये लोकांपुढे आलेली एक्सईव्ही ९ई बनते. तिची मोठी बॅटरी ७९ किलोवॅट-तासांची आहे. कानातल्या सेलच्या सव्वाचार लाख पटींहूनही जास्त. पण दोन्हीकडच्या इंजिनिअरला छळणारा प्रश्न एकच आहे: कोणी वापरत नसताना वीज जाते कुठे?

आवाजाला लागते किती?

बॅटरी आवाजाने उतरते, असा आपला समज असतो. हिशेब मांडला की तो पार उलटा पडतो. कानात घालायच्या स्पीकरला एक मिलिवॅट वीज दिली, तर तो कानात साधारण १०० डेसिबल आवाज काढतो. एवढा आवाज फार वेळ ऐकणं कानाला घातक आहे. आरामात ऐकायचं गाणं ७० ते ८० डेसिबलच्या आत असतं. डेसिबलची मोजपट्टी अशी आहे की दर १० डेसिबलला लागणारी वीज दहापट होते. म्हणजे ८० डेसिबलला पुरते एक शतांश मिलिवॅट. बडच्या एकूण ३० मिलिवॅट खर्चातला हा तीन हजारावा भाग. आपल्याला प्रत्यक्ष ऐकू येतं ते एवढ्याशा विजेवर. बाकी सगळी वीज ते गाणं कानापर्यंत आणण्यात आणि उलगडण्यात खर्ची पडते.

म्हणून आवाज थोडा कमी केल्याने बॅटरी फारशी वाचत नाही. मात्र तो अगदी वरच्या टोकाला नेला की दहा-दहापटींची शिडी सुरू होते आणि खर्च जाणवू लागतो. बॅटरीपेक्षाही काळजी कानांची घ्यायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकायचं असेल, तर आवाज सरासरी ८० डेसिबलच्या वर जाऊ नये. बसच्या इंजिनाची घरघर दाबण्यासाठी आपण नकळत आवाज वाढवत जातो, आणि तिथेच गोंगाट कापणारी सोय खऱ्या अर्थाने उपयोगी पडते.

ही सोय वीज खाते, पण काय काम करते ते कळलं की तिचा खर्च रास्त वाटतो. बाहेरच्या मायक्रोफोनपासून कानाच्या आतल्या पोकळीपर्यंत अंतर दोनेक सेंटीमीटर. आवाज ते सुमारे ६० मायक्रोसेकंदांत कापतो. तेवढ्यात बडमधल्या चिपला आलेली लाट मोजून, तिच्या नेमकी उलट लाट घडवून स्पीकरमधून सोडायची असते. इंजिनाची एकसुरी घरघर अशी कापता येते, कारण पुढच्या क्षणी ती कशी असेल ते मागच्या क्षणावरून कळतं. पत्र्यावर पडलेल्या पान्याचा खणखणाट मात्र निसटतो. प्रेस शॉपमध्ये असे बड कानाच्या संरक्षणाचं काम करू शकत नाहीत. तिथे त्यासाठीच बनवलेले इअरप्लगच हवेत.

रेडिओची डुलकी

ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. गाणी ऐकायच्या जुन्या, रुळलेल्या पद्धतीत या पट्ट्याचे ७९ भाग केलेले असतात. फोन आणि बड ठरलेल्या क्रमाने एका भागातून दुसऱ्या भागात उड्या मारत बोलतात. सेकंदाला जास्तीत जास्त १६०० उड्या. एका उडीचा मुक्काम ६२५ मायक्रोसेकंदांचा. एका भागात वायफायची गर्दी असली तर दोघं ती जागा वगळतात आणि मोकळ्या भागांतूनच फिरतात.

दाबून लहान केलेल्या गाण्याला सेकंदाला सुमारे ३०० किलोबिट पुरतात. रेडिओची ताकद मात्र सेकंदाला दोन-तीन मेगाबिट आणायची. म्हणजे पुढच्या काही क्षणांचं गाणं रेडिओ झटक्यात उतरवून घेतो, ते चिपच्या स्मृतीत साठवतो आणि स्वतः बंद होतो. कानाला सलग वाटणारं गाणं हवेतून तुकड्यातुकड्यांनीच आलेलं असतं; मधल्या प्रत्येक फटीत रेडिओ डुलकी काढतो. सिनेमा पाहताना कधी ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात, त्याचं एक मोठं कारण हाच साठा.

गाणं थांबवलं की झोप आणखी गाढ होते. फोन आणि बड आपसात ठरवतात: आता समजा दर अर्ध्या सेकंदाला एकदाच भेटू. ठरल्या क्षणी दोघं जागे होतात, ‘काही आहे का?’ ‘नाही’ एवढं बोलून पुन्हा झोपतात. इथे खरी कसोटी लागते घड्याळाची. कंपनीची बस थांब्यावर मिनिटभरच थांबते. ज्याचं घड्याळ अचूक आहे तो आयत्या वेळी घरातून निघतो. ज्याचं घड्याळ भरवशाचं नाही त्याला दहा मिनिटं आधी येऊन ताटकळावं लागतं. बडचंही तसंच. घड्याळावर भरवसा नसेल तर रेडिओ आधीच उघडून वाट पाहावी लागते, आणि वाट पाहण्याला वीज लागते.

म्हणून बडमध्ये क्वार्ट्झचा एक इवलासा स्फटिक असतो. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा म्हणजे दोनाचा पंधरावा घात. पंधरा वेळा निम्मा करत गेलं की बरोबर एक सेकंदाचा ठोका मिळतो. मनगटावरच्या साध्या क्वार्ट्झ घड्याळातही असाच स्फटिक असतो. चांगला स्फटिक दहा लाखांत वीसेक भाग चुकतो. अर्ध्या सेकंदात ही चूक होते दहा मायक्रोसेकंदांची. ब्लूटूथच्या नव्या, कमी विजेच्या पद्धतीत नियमांनी दहा लाखांत ५०० भागांपर्यंतची चूक चालवून घेतली आहे. तेवढी चूक असेल तर अर्ध्या सेकंदामागे अडीचशे मायक्रोसेकंद आधी उठावं लागतं. दर अर्ध्या सेकंदाला, रात्रंदिवस. वेळ काटेकोर पाळल्याने वीज वाचते, याचा इतका नितळ पुरावा मला दुसरीकडे कुठे दिसलेला नाही.

मध्ये आपण उभे

या पट्ट्यातली लहर साडेबारा सेंटीमीटर लांबीची. हवेतून ती सहज जाते, पण पाणी तिला शोषून घेतं आणि माणसाचं शरीर बहुतांशी पाणीच आहे. फोन डाव्या मागच्या खिशात आणि बड उजव्या कानात असेल, तर दोघांच्या मध्ये आपलं अख्खं अंग आडवं येतं. संदेश अर्धवट पोचतो, बड ‘पुन्हा पाठव’ म्हणतो, फोन पुन्हा पाठवतो. प्रत्येक फेरीला रेडिओची झोप मोडते. खच्चून भरलेल्या बसमध्ये, जिथे एकाच पट्ट्यात कितीतरी फोन बोलत असतात, या फेऱ्या आणखी वाढतात. फोन पुढच्या किंवा वरच्या खिशात ठेवला तर आवाजही तुटत नाही आणि बॅटरीही वाचते.

एक बड लवकर उतरतो, दुसरा मागून, ही तक्रारही इथूनच येते. काही जोड्यांत फोन एकाच बडशी बोलतो आणि तो बड दुसऱ्याला गाणं पोचवतो. त्याला दुहेरी काम. फोनवर बोलताना बहुधा एकाच बडचा मायक्रोफोन चालू असतो, त्यानेही फरक पडतो. २०२० मध्ये आलेल्या ब्लूटूथच्या ५.२ आवृत्तीने आवाजाची नवी पद्धत आणली. तिच्यात फोन दोन्ही कानांना स्वतंत्रपणे, पण एका तालात गाणं देऊ शकतो, आणि गाणं आणखी दाबूनही त्याचा दर्जा राखता येतो. कमी बिट म्हणजे कमी जाग, आणि कमी जाग म्हणजे जास्त तास.

झोप लागत नाही तेव्हा

आता सगळ्यात नेहमीचा अनुभव घेऊ. रात्री बड पूर्ण भरलेले असतात. सकाळी बसमध्ये कानात घालावेत, तर एकात निम्मीच बॅटरी. सेल खराब झाला, असं आपण म्हणतो. पुष्कळदा दोष असतो चार्जिंगच्या डबीतल्या धातूच्या दोन टोकांवर बसलेल्या मळाचा. आपण डबीत आहोत हे बडला सहसा या टोकांवरून आणि झाकणाजवळच्या चुंबकावरून कळतं. घामाचे क्षार, कानातला मळ, चाकणच्या रस्त्यावरची धूळ यांचा थर बसला की स्पर्श होत नाही. बडला वाटतं, आपण बाहेरच आहोत. तो झोपत नाही. उशाशी ठेवलेल्या फोनशी रात्रभर जोडलेला राहतो.

हिशेब करून पाहा. जागा पण गप्प बसलेला बड दोन-तीन मिलिअँपिअर ओढत असेल, तर आठ तासांत २४ एमएएचपर्यंत जातात. ५० मधले निम्मे! तोच बड नीट झोपला आणि १०० मायक्रोअँपिअरवर आला, तर तीन आठवडे टिकेल. १० मायक्रोअँपिअरवर उतरला, तर सात महिन्यांच्या जवळपास. म्हणून कारखान्यातून निघताना बडला एक खास गाढ झोप दिली जाते. ग्राहकाने डबी पहिल्यांदा उघडेपर्यंत त्यातलं जवळजवळ सगळं बंद असतं, नाहीतर गोदामात आणि दुकानात पडल्यापडल्याच सेल उतरून गेला असता. घरी आपल्याला करायचं ते सोपं आहे: कोरड्या मऊ कापडाने किंवा कापसाच्या काडीने दोन्हीकडची टोकं पुसणं, आणि डबीत ठेवल्यावर बड खरंच चार्ज होतोय का ते पाहणं. नवा सेल किंवा नवा जोड घेण्याआधी एवढं जरूर करून पाहावं.

हाच प्रश्न, चार चाकांवर

चाकणमध्ये हरमन कंपनीचा कारखाना आहे. तिथे मोटारींसाठी पडदे, ध्वनियंत्रणा आणि गाडीला नेटवर्कशी जोडणारी यंत्रं तयार होतात. बाजारात जेबीएल नावाने मिळणारे इअरबडही याच कंपनीचे. २०१७ पासून ती सॅमसंगच्या मालकीची आहे. एकाच कंपनीला कानातला मायक्रोअँपिअर आणि गाडीतला मिलिअँपिअर, दोन्ही वाचवावे लागतात.

आजच्या मोटारीत डझनांनी छोटे संगणक असतात: दारांसाठी एक, ब्रेकसाठी एक, एअरबॅगसाठी एक, पडद्यासाठी एक. गाडी लॉक केली की त्यांनी एकामागून एक झोपायचं असतं. सगळे झोपले तरी किल्लीची हाक ऐकण्यासाठी थोडा प्रवाह वाहत राहतो. तो ३० मिलिअँपिअर धरला, तर दिवसाला पाऊण अँपिअर-तासापेक्षा कमी खर्च. ४५ अँपिअर-तासांची १२ व्होल्टची बॅटरी त्यात काही आठवडे आरामात काढते. पण एकच संगणक जागा राहिला आणि एक अँपिअर ओढू लागला, तर दोन दिवसांत बॅटरी झोपते. गॅरेजमधला कुशल इलेक्ट्रिशियन अशा वेळी काय करतो? गाडी लॉक करतो, सगळे झोपेपर्यंत थांबतो, मग एकेका फ्यूजवरचा प्रवाह मोजत जातो. मळक्या टोकांमुळे जागा राहिलेला बड आणि हा न झोपलेला संगणक यांचा रोग एकच आहे.

विजेच्या मोटारीत तर ही गोष्ट आणखी थक्क करते. गाडी उभी असताना मोठी बॅटरी सुरक्षेसाठी स्विचांनी तोडून ठेवलेली असते. ते जाडजूड स्विच जोडायला वीज येते ती छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीतून. ती पूर्ण उतरली, तर मोठ्या बॅटरीत कितीही ऊर्जा भरलेली असली तरी गाडी जागची हलत नाही. म्हणून पुष्कळ विजेच्या मोटारी उभ्या असतानाही मधूनच जाग्या होऊन मोठ्या बॅटरीतून छोटीला थोडं पाजतात. आपण फोनवरून गाडीचा एसी सुरू करतो, तेव्हा ती हाक ऐकणारा मोडेमही डुलकीतच असतो. ठरलेल्या वेळाने उठतो, काही निरोप आहे का पाहतो, परत झोपतो. फोन आणि बड यांच्यात झालेला करार इथे गाडी आणि मोबाइल टॉवर यांच्यात झालेला असतो.

टक्के कसे कळतात

बडमधल्या सेलचं व्होल्टेज पूर्ण भरल्यावर ४.२ असतं आणि उतरता उतरता तीनच्या आसपास येतं. या उतारावरून चिप टक्के काढते. सेल जुना झाला की त्याचा आतला रोध वाढतो; जोरात काम पडलं की व्होल्टेज क्षणभर कोसळतं आणि चिपला वाटतं, संपली. वीस टक्क्यांवरून एकदम बंद पडणारा बड खोटं बोलत नसतो. त्याच्या मोजमापाचा आधारच सरकलेला असतो. महिंद्राच्या एक्सईव्ही ९ई मोटारीत लोह-फॉस्फेट जातीचे सेल आहेत. त्यांच्यात मधल्या बहुतेक टप्प्यात व्होल्टेज जवळजवळ सपाट राहतं, त्यामुळे नुसत्या व्होल्टेजवरून टक्के सांगणं फार अवघड. आत गेलेला आणि बाहेर आलेला प्रवाह सतत मोजत राहावं लागतं, आणि मोजण्यातली बारीक चूक साचत जाते. म्हणूनच अशा बॅटऱ्या अधूनमधून शंभर टक्के भरायला सांगतात; तिथे हिशेब पुन्हा जुळतो.

सेलचं आयुष्य झिजवणाऱ्या दोन मोठ्या गोष्टी म्हणजे उष्णता आणि सतत काठोकाठ भरलेलं असणं. सेलमधल्या ऋण बाजूवर एक पातळ थर हळूहळू जाड होत जातो आणि त्यात लिथियम कायमचं अडकतं. ढोबळमानाने, तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा रासायनिक क्रियांचा वेग दुपटीच्या आसपास जातो. एप्रिलच्या उन्हात मोशीला उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर डबी ठेवली, तर सेल महिन्यांची झीज दिवसांत भोगतो. काही बड आता चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबवून ठेवतात. ती सोय असेल तर जरूर सुरू ठेवावी.

लिथियम-आयन सेल सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणला. त्यामागच्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. एवढ्या बुद्धीचा अर्क असलेला सेल कानात काही वर्षं काम करून थकतो, आणि तो गोंदाने चिकटवलेला असल्यामुळे चांगला रेडिओ, चांगला स्पीकर, चांगला स्फटिक, सगळंच त्याच्याबरोबर कचऱ्यात जातं. मायक्रोअँपिअर वाचवण्यासाठी वर्षं खर्चायची आणि मग बटणाएवढ्या सेलपायी अख्खी वस्तू फेकायची, हे मला अजिबात पटत नाही.

हे बदलता येतं. फेअरफोन या डच कंपनीने २०२४ मध्ये सेल बदलता येणारे बड आणले. युरोपात फेब्रुवारी २०२७ पासून हातात वागवायच्या बहुतेक उपकरणांच्या बॅटऱ्या ग्राहकाला बदलता याव्यात असा नियम लागू होतो आहे. आपल्याकडे २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. पण उघडता न येणाऱ्या बडमधून सेल काढायचा कोणी आणि कसा? जबाबदारी पार पाडायची तर वस्तू आधी उघडता यायला हवी. खराब भाग ओळखायचा, सोडवायचा आणि नवा बसवायचा, यावरच पिंपरी-चिंचवड आणि चाकणची रोजची भाकरी चालते. दुकानात बड विचारताना ‘किती तास चालतो?’ याच्या जोडीला ‘याचा सेल बदलून मिळतो का?’ हा प्रश्न इथल्या माणसाने हक्काने विचारावा. उत्तर ‘हो’ असलेला बड थोडा महाग पडला, तरी तोच घ्यावा.